ईदचा हिस्सा आणि बिनदुधाचा चहा

जालना,
२२ जून २०२५

प्रिय ख्वाजामियाँ यास,
सलाम आणि जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या वहिनीचे, बेबीनंदाचे, गुडघे दुखतात, पण तोंड नीट चालतं, म्हणजे काळजीचं कारण नाही. पोराची, मिथुनची, कामाची पाळी बदलली, त्यामुळे आता तो संध्याकाळी घरी असतो आणि टीव्ही माझ्या हातून गेला. अकबरबी भाभींना माझा सलाम सांग. तुझ्या गाद्या भरायच्या कामाचं कसं चाललंय? लग्नसराई संपली, आता जरा पाठ टेकत असशील.

फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मी तब्येत विचारली की तू मला कापसाचा भाव सांगतोस. म्हणून हे पत्र. तुझी नात रुखसार ते वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. बेटा रुखसार, हळू वाच. आजोबा मध्येच चिडले तर थांबू नकोस, त्यांना पाणी दे आणि पुढं वाच.

परवा तुझा नातू अबुबकर मला एमआयडीसीच्या नाक्यावर भेटला. रोलिंग मिलमधून सुटून निघाला होता. मला पाहिलं आणि गाडी वळवायला लागला. मी आडवा गेलो, हँडल धरलं. म्हटलं, "काय रे, सलाम बी न्हाई करायचा?" तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, दादा लई दिवसापून गप हायेत. ईदला पिशवी परत नेली तवा नुसतं 'ठेव तिकडं' म्हणले. मंग दादीला म्हणले, अण्णा बी गेला."

ख्वाजा, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. माझ्या आधी आणखी कोण कोण गेलं, ते त्या पोराला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुला राग आला तो बरोबरच आला. इतकी वर्षं झाली, बकरी ईदच्या कुर्बानीतला दोस्तांचा हिस्सा आष्टीहून माझ्या दारात येतो. मी बियाण्याच्या प्लांटात नोकरीला लागून जालन्यात आलो, तरी तो माझा पत्ता शोधत आला. रमजान ईदला मी तुझ्याकडे यायचो, तुझ्या दुकानातल्या अर्धवट भरलेल्या गादीवर बसून शिरखुर्मा प्यायचो आणि गादीवर सांडला म्हणून भाभींची बोलणी खायचो. यंदा रमजान ईदला मी आलो नाही. मिथुनच्या गाडीचं निमित्त सांगितलं. आणि बकरी ईदला तुझा हिस्सा माझ्या दारातून परत गेला. हल्लीचे दिवस कसे आहेत ते तुला मी सांगायला नको. तू जे समजलास ते तुझ्या जागी मीही समजलो असतो.

पण तसं नाही रे. शपथ घेऊन सांगतो, तसं नाही.

मी मटण सोडलं आहे. मटणाच्या आधी दूध सोडलं, म्हणून शिरखुर्म्यालाही आलो नाही. चहासुद्धा बिनदुधाचा पितो. दही, तूप, अंडी सगळं बंद. सूनबाई प्रिया म्हणते याला 'व्हिगन' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कपाशीच्या नव्या वाणाचं नाव वाटलं.

ईदच्या दिवशी अबुबकर पिशवी घेऊन आला तेव्हा मी घरामागं म्हशीच्या शेडमध्ये होतो. बाहेर यावं की नाही, आलो तर काय सांगावं, याचा विचार करत घमेलं हातात घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात प्रिया दारात गेली. पोरगी भली आहे. सासऱ्याला चालत नाही म्हणून तिनं घरात मटण शिजवणंच थांबवलंय, मिथुन बिचारा ढाब्यावर खाऊन येतो. ती अबुबकरला म्हणाली, "भैया, आमच्या घरात आता हे चालत न्हाई."

तिच्या मनात काही नव्हतं. पण हे वाक्य मी आणि माझ्या आईनं किती ओट्यांवरून ऐकलंय, तुला माहीत आहे. आमच्या हातचं कुणाला चालत नव्हतं तेव्हा तुझी अम्मी आमच्या चुलीपुढं बसून भाकरी मागून खायची. त्या बाईच्या घरातून आलेल्या पिशवीला माझ्या दारात 'चालत नाही' म्हटलं गेलं. घमेलं टाकून बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. मागून हाक मारली, पण ती त्याला ऐकू गेली नसावी.

आता तू विचारशील, सोडलं का? याची उत्तरं मी खूप दिलीत. बेबीनंदाला सांगितलं, पोटात जळजळतं. मिथुनला सांगितलं, कोलेस्टेरॉल. बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटत होते, मी हात आखडला, तर कमिटीतला प्रेम सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णासाहेब, माळ घातली का काय?" सगळे हसले. आपलाच माणूस आता वरचा व्हायला निघाला, असं त्यांना वाटलं. मी पटकन म्हणालो, साखर वाढली. हे तिन्ही आजार फिरत फिरत मिथुनच्या सासुरवाडीला पोचले आणि तिथं माझी किडनी गेली. व्याही पिंपळगाव रेणुकाईहून संत्री घेऊन भेटायला आले. मी संत्री खाल्ली.

खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. सगळ्यात जास्त तुला सांगायची भीती वाटली. सांगतो. हसायचं असेल तर हस.

निवृत्त झाल्यावर मी परतूरच्या बाजारातून म्हैस आणली, ती तू पाहिली आहेस. संक्रांतीच्या सुमारास ती व्याली. रेडकू आठवडाभर दुडदुडलं आणि तापानं मेलं. डॉक्टर आला, सुई दिली, उपयोग झाला नाही. म्हैस हंबरायची थांबेना आणि धार देईना. शेजारचा दूधवाला रामकिसन म्हणाला, "अण्णा, म्हैस आटून जाईल. तुम्ही बिलकुल काळजी करू नका, मी बघतो." मेलेलं रेडकू घेऊन गेला. आणलं ते कातड्यात पेंढा भरून. आपण लहानपणापासून हे पाहिलंय, त्यात नवीन काही नाही. तूसुद्धा गादी भरावी तसं ठासून एकदा कुणाला भरून दिलं होतंस.

रामकिसननं ते तिच्यापुढं उभं केलं. पायांच्या जागी काठ्या, डोळ्यांच्या जागी काही नाही. म्हशीनं वास घेतला आणि ते चाटायला लागली. कान चाटले, मान चाटली, आणि पान्हा सोडला. रामकिसन खुश. मला म्हणाला, "जल्दी बादली लावा." मी बादली लावली. दूध भरभरून आलं. ती चाटतच होती.

बेबीनंदानं त्याच दुधाचा चहा केला. कप तोंडाजवळ नेला आणि मला तो पिता आला नाही, ख्वाजा. तिला फसवून काढलेलं ते दूध माझ्या घशाखाली उतरेना. मी शेडमध्ये जाऊन त्या म्हशीच्या गळ्यात पडून रडलो. या वयात! रुखसार बेटा, हे वाक्य परत वाचू नकोस.

मग एकेक सुटत गेलं. दुधासाठी डोळ्यांत पाणी आणायचं आणि रविवारी मटणाची नळी चोखायची, हे मला जमेना. मन मारून सोडलं असंही नाही. अकबरबी भाभींच्या रश्श्याची आठवण झाली की अजून तोंडाला पाणी सुटतं. मध्ये दोनदा चोरून अंडंही खाल्लं. पण आता घट्ट झालोय. ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. आपल्या लहानपणी रोज हेच होतं, तेव्हा त्याला नाव नव्हतं एवढंच. म्हैस आता आटली आहे आणि आरामात खाते. बेबीनंदा म्हणते, घरात दोन रिटायर झाले. मला मात्र हलकं वाटतं. सकाळी शेडमध्ये जाताना त्या जनावराच्या तोंडाकडे सरळ बघता येतं.

मग तुला का नाही सांगितलं? कारण जनावराची दया हा शब्द तुझ्यापुढं काढायचा म्हटलं की माझी जीभ अडायची. हल्ली तो शब्द घेऊन तुमच्या दारात कोण येतं आणि कशासाठी येतं, ते आपण दोघंही बघतो. त्यांना ना जनावराचं पडलंय ना माणसाचं. त्यांच्यात उभा राहून मी बोलतोय असं तुला वाटलं तर? ईदच्या तोंडावर तर नकोच, म्हणून गप्प बसलो. आणि गप्प बसलो म्हणून तुला नेमकं तेच वाटलं.

मी जे खात नाही ते माझ्या ताटापुरतं आहे. तुझ्या ताटाबद्दल, तुझ्या कुर्बानीबद्दल माझ्या मनात काही नाही. ती तुझी आणि तुझ्या अल्लाची गोष्ट. माझं एवढंच मागणं आहे, मला घरात घे. नुसता खजूर हातावर ठेव, पाणी पाज. मला 'गेला' म्हणू नकोस.

लिहून झालं. छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं वाटतंय. आता तू काय म्हणशील ते म्हण, ऐकायला मी तयार आहे.

भाभींना परत सलाम. पोरांना आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
अण्णासाहेब


आष्टी,
२९ जून

अण्णाला ख्वाजाचा सलाम.

मी बोलून राह्यलो, रुखसार लिहून राह्यली. तिला म्हणलं, मी जसं बोलतो तसंच बराबर लिही, शाळेचं नको लिहू.

तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं. तू नको म्हणला ते वाक्य तीनदा वाचलं. अकबरबी आधी हासली, मंग पदर डोळ्याला लावून आत गेली. म्हणली, बाईच्या जातीचं दुख आहे ते, अण्णाभाईला कळलं, तुम्हाला न्हाई कळलं कधी.

मला हासू आलं ते वेगळ्या कारणानं. अरे, माझे खालचे दात सगळे गेले. दीड वर्ष झालं, मीच गोश्त खात न्हाई. वरणात भाकर भिजवून खातो. तुला सांगितलं न्हाई, तू चिडवत बसला असता. आता तू तिकडं पिठलं खातो आन मी इकडं वरण, आन आपण दोघं गोश्तापायी रुसून बसलो. याला काय म्हणावं?

आता दुसरी गोष्ट. तू विचारली न्हाई, पण मी सांगतो. यंदा लग्नसराईत माझ्याकडं गाद्या कमी आल्या. ज्यांच्या घरच्या तीन तीन पिढ्यांच्या गाद्या आम्ही भरल्या, ते लोक परतूरहून तयार गाद्या घेऊन आल्ते. माझ्या दुकानापुढून टेम्पो नेला. कोणी काही बोललं न्हाई. भांडले असते तर मी भांडलो असतो, पण नुसते पुढून गेले. त्यात तू रमजान ईदला आला न्हाई. मी सकाळपासून वट्ट्यावर बसल्तो. मंग पिशवी परत आली. तवा माझ्या तोंडातून निघालं ते. मी ते रागानं न्हाई म्हणलो अण्णा, मला भ्या वाटलं. म्हणलं, आता आपण एकटेच राह्यलो या गावात.

काल पत्र ऐकलं आन पोटभर जेवलो. लई दिवसांनी झोप बी लागली.

सूनबाईला काही बोलू नको. पोरगी तुझ्यासाठीच बोलली. आन तुझा हिस्सा फुकट न्हाई गेला. अकबरबीनं तुझ्याच जुन्या गल्लीत सगुणाबाईला दिला, तुझं नाव सांगून. म्हातारी म्हणली, अण्णाला सुखी ठेव.

आता तू लिहितो की ईदला खजूर दे. ईदला अजून किती महिने हायेत, कॅलेंडर बघ. आपली उमर काय हाय? ईद बिद काही न्हाई, हे पत्र मिळंल त्या दिवशी एसटीत बस. अकबरबी बिनदुधाचा चहा करून बघून राह्यली, दोनदा केला, दोन्ही बार कडू झाला. तू आल्यावर तिला शिकव. न्हाईच जमला तर दोघं कडू पिऊ.

रुखसार म्हणती, शेवटी काहीतरी चांगलं लिहायचं असतं. मला काही सुचत न्हाई. मी वट्ट्यावर बसलोय, एवढं लिही म्हणलं.

तुझा, अजून तुझाच,
ख्वाजा