बाई, मी ‘होय’ म्हणालो होतो

प्रिय बाई,

नागपूरच्या त्या अधिवेशनात आपल्या पाण्याचं विधेयक मताला टाकलं, तेव्हा मी ‘होय’ म्हणालो होतो. तुला फोनवर ‘नाही म्हणालो’ असं सांगितलं, ते खोटं होतं.

एवढं एक वाक्य तू होतीस तोवर माझ्या तोंडून निघालं नाही. आज दुपारी तुझ्या गावात, तुझ्या बायांसमोर निघालं. अमरावतीला परत येताना गाडीत वाटत राहिलं, सगळ्या गावानं ऐकलं, पण जिनं सगळ्यांच्या आधी ऐकायला हवं होतं ती राहिलीच. म्हणून घरी आल्याबरोबर लिहायला बसलो.

तुझा फोन आला की मी सभागृहाच्या बाहेर येऊन मोठ्यानं म्हणायचो, “बोल बाई!” पुण्या-मुंबईकडचे आमदार दचकून बघायचे. एकानं तर विचारलं, “कोण बाई?” मी म्हटलं, “माझी थोरली बहीण. आमच्याकडं आईनंतर बाईच असते.” माझ्या बाबतीत तर ते शब्दशः खरं होतं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तुझं लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांचा. पहिल्याच महिन्यात तू भाऊजींना म्हणालीस, “माह्या भावाले अठीच आणा. तो तठी उपाशी राहीन.” नवी नवरी असं बोलते? पण तू बोललीस, आणि मी दर्यापूरकडच्या तुझ्या त्या खारपाणाच्या गावात वाढलो.

खारं पाणी म्हणजे काय ते मला कुठल्या अहवालात वाचावं लागलं नाही. विहिरीच्या पाण्यात वरण शिजायचं नाही, चहा मचूळ लागायचा, कपड्यांवर पांढरे डाग उमटायचे. गोडं पाणी नदीकाठच्या एकाच विहिरीला. तू आणि पंचफुलाबाई, दोघी एकाच वर्षी त्या गावात नांदायला आलेल्या. तुझं घर मारुतीच्या पारामागं, तिचं बुद्धविहाराच्या गल्लीत. पण पाण्याला जायची वाट एकच. डोक्यावर पाण्याचे दोन-दोन पितळी गुंड, आणि तुमचं हसणं वळणाच्या अलीकडूनच ऐकू यायचं. तू आजारी असलीस की मी तिच्या घरी जेवायचो. “ये रे गज्या, सुमननं उपाशी ठेवला का तुले?” असं म्हणून ती ताट वाढायची.

माझी पहिली निवडणूक तुम्ही दोघींनीच तर लढवलीत! मी गावोगाव भाषणं देत होतो, तुम्ही चुलीपाशी बसून मतं मागत होतात. तिनं आपल्या गल्लीत सांगितलं होतं, “हा पोट्टा माह्या हातचं जेवला हाय. याले इसरता नाही येत पाणी कसं असते ते.”

आणि मी विसरलो नव्हतो गं. तेच तर दुःख आहे.

आमदार झाल्यावर आपल्या पट्ट्यात धरणाच्या पाण्याची नळयोजना आली. माझ्या एकट्याच्या जिवावर नाही, पण माझाही धक्का लागला होता. गावात टाकी झाली, टाकीखाली नळ बसला. पुढं ते विधेयक आलं. या योजना सरकार चालवणार नाही, गावांनी आपल्या आपण चालवायच्या, पंपाच्या वीजबिलासकट. मोठ्या गावांना ते जमलं असतं. तुझं गाव पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. तुमच्या गावाला ते झेपणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

त्या दिवशी सकाळी मी विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभा राहून व्हिडिओ केला. माझ्या स्वीय सहायकानं मजकूर लिहिला होता, पण म्हणताना ते मला खरंच वाटत होतं, बाई. “माझ्या मायबहिणींच्या डोक्यावर मी पुन्हा गुंड चढू देणार नाही!” तासाभरात तो मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रुपवर गेला. तू तो सुनेकडून स्टेटसला ठेवून घेतलास.

दुपारी पक्षाचा व्हीप निघाला. विधेयकाच्या बाजूनं मत द्यायचं. मोडला तर आमदारकी जाऊ शकते. मी चर्चेत बोलायला नाव दिलं होतं, ते मागं घेतलं. मग अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं. दीडशे-पावणेदोनशे माणसं एकदम ‘होय’ म्हणतात, तेव्हा नुसता गलका होतो. त्यात कोण म्हणालं, कोण गप्प बसलं, कशाचीच नोंद होत नाही. त्याला आवाजी मतदान म्हणतात. मी गप्प बसू शकलो असतो. पण शेजारच्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी ‘होय’ म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो.

संध्याकाळी तुझा फोन. “गजू, ते पास झालं म्हणतात. तू काय म्हणला रे?”

किती साधा प्रश्न होता! मी म्हणू शकलो असतो, ‘बाई, भ्यालो. होय म्हणालो.’ तू मला घाल घाल शिव्या घातल्या असत्यास. मग दोन दिवसांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ठेच्याचा डबा पाठवला असतास. आपल्यात याहून वेगळं काही झालं नसतं. पण मी म्हणालो, “मी नाहीच म्हणालो बाई. एकट्याचा आवाज किती पुरणार?”

“हाव ना,” तू म्हणालीस. “मले माईत होतं.” तुझ्या आवाजातला तो सुटल्यासारखा श्वास मला अजून ऐकू येतो.

पुढचं मला काहीच माहीत नव्हतं. तू मला कावून नाही सांगितलंस? हा राग आहे माझा तुझ्यावर. बाकी सगळा माझा स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी नळावर पंचफुलाबाई म्हणाली होती, “सुमन, व्हीप निघाला होता असं पेपरात हाय. तुह्या भावाचा आवाज कोणं ऐकला?” तू म्हणालीस, “मी ऐकला. त्यानं मले सांगतलं.” ती म्हणाली, “सांगाले काय जाते?” तेव्हा भरल्या नळावर, सगळ्या बायांत, तू आपल्या लेकाची शपथ घेतलीस. पंचफुलाबाई तुझा हात धरून म्हणाली, “लेकराले मधात नको आणू वं.” तू तो हात झटकलास आणि म्हणालीस, “माह्या भावाले खोटा म्हणते त्या बाईशी मले बोलनं नाही.”

आणि बोलली नाहीस. चाळीस वर्षांची सोबत, एका शब्दावर. तो शब्दही माझा, आणि खोटा.

वर्षाच्या आत नळ बंद पडला. टाकीखाली टँकर येऊन उभा राहायला लागला. तुझ्या किडन्यांनीही तेव्हाच दगा दिला. पाण्यानंच झालं का, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. तू आठवड्यातून दोनदा जीपमध्ये कोपऱ्याला बसून दर्यापूरला आणि तिथून अमरावतीला डायलिसिसला येऊ लागलीस. मी गाडी पाठवतो म्हटलं की म्हणायचीस, “तुही गाडी लोकायच्या कामाची हाय.” शेतीच्या कामात भाऊजींना दर खेपेला जमायचं नाही. मला नवल वाटायचं. बांगड्या भरायलासुद्धा जिच्याशिवाय तू बाजाराला गेली नाहीस, ती पंचफुलाबाई कुठं आहे? एकदा विचारलंही. तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, “तिले काम रायते.” मी मान डोलावली आणि फोनमध्ये कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवत बसलो.

तू गेलीस. तेरवीला पंचफुलाबाई आली होती. मांडवाच्या कडेला उभी राहिली, हात जोडले, जेवण न करता निघून गेली. मी भाऊजींना म्हटलं, “ती जेवली का नाही?” भाऊजींनी मला घरामागं नेलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जराही शंका नव्हती. शेवटी म्हणाले, “पंचफुलाचंच चुकलं. तुमच्यावर इश्वास ठेवाले पाह्यजे होता तिनं.”

तिथंच पाय धरायला हवे होते त्यांचे. मी नुसता “होय” म्हणालो. पुन्हा तोच शब्द!

त्यानंतर पाच महिने मी गप्प राहिलो. मागच्या आठवड्यात माझा सहायक कार्यअहवालाची कच्ची छापील प्रत घेऊन आला. निवडणूक जवळ आली की मतदारांना वाटायची ती रंगीत पुस्तिका. आठव्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘पाणी विधेयकाला सभागृहात ठाम विरोध.’ आणि खाली तुझा फोटो. डोक्यावर पदर, कडेवर घागर. ‘दिवंगत भगिनीला दिलेला शब्द पाळला.’

“साहेब, हे पान लोकांच्या काळजाला भिडणार,” तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही, त्यालाही मी तेच सांगितलं होतं.

मी ते पान फाडलं. मग खुर्चीत बसून रडलो. तो बिचारा पाणी आणायला धावला.

आज सकाळी एकटाच पंचफुलाबाईंकडं गेलो. ती ओसरीत सुपात तूर पाखडत होती. मला बघून उठली, सूप खाली ठेवलं. “या साहेब.” गज्याचा साहेब कधी झाला, ते मला तेव्हा कळलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. होय म्हणालो. बाईशी खोटं बोललो. तुमचं खरं होतं.

ती पुन्हा सुपाशी बसली. मग म्हणाली, “माह्या घरावरून जाये ती जीपकडे. धाप लागे तिले. मी दाराच्या आडून पाहो. दोनदा उंबऱ्यापर्यंत आली मी. वाटे, धरावं तिचं बोट. मंग वाटे, आपुन खोटं काय बोललो? आपुन कावून वाकावं?” तिचा आवाज फाटला. “ते दिवस कोण आणून देते आता मले?”

मी तिच्या पायाला हात लावायला वाकलो. ती मागं सरकली.

“माह्या कानात येऊन काय सांगता? तिनं शपथ नळावर घेतली होती, सगळ्यायच्या मधात. तठी सांगा.”

टँकर दुपारी आला. टाकीखाली तीस-चाळीस बाया, गुंड, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. मी माईक मागितला नाही. मोठ्यानं म्हणालो, “मायहो, त्या विधेयकाला मी होय म्हणालो होतो. माझ्या बहिणीशी मी खोटं बोललो. तिनं तुम्हाला सांगितलं ते तिनं खरं मानून सांगितलं. तिला कुणी खोटं म्हणू नका. पंचफुलाबाईंचं खरं होतं.”

मला वाटलं होतं, ओरडतील. कुणीच ओरडलं नाही. एका लेकुरवाळीनं विचारलं, “मंग तो व्हिडिओ कावून टाकला होता?” तेवढ्यात पाइप सुटला, आणि मागची एक म्हातारी म्हणाली, “बाजूले व्हा साहेब, पानी भरू द्या.”

मी बाजूला झालो. सभागृहात इतक्या वर्षांत एवढं नेमकं मला कुणी सुनावलं नाही.

भाऊजी टाकीच्या पलीकडं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं न बघता ते पंचफुलाबाईंपाशी गेले आणि म्हणाले, “चाल वहिनी, घरी चाल.” ती गेली. किती दिवसांनी तुझ्या घराचा उंबरा ओलांडला तिनं! मी अंगणातच थांबलो. ती तुझ्या फोटोसमोर बसली. हार सुकला होता, तो काढून बाजूला ठेवला, पदरानं काच पुसली. मग म्हणाली, “सुमन, चूप कावून हायेस? भांड ना.”

भाऊजींनी तिला चहा दिला. मला दिला नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही, बाई. ते बरोबरच होतं.

निघताना मी पंचफुलाबाईंना म्हटलं, “माफी मागत नाही. मागायचा हक्क नाही.” ती म्हणाली, “माफी माह्यापाशी नाही. जिच्यापाशी होती ते गेली.” थोडं थांबून म्हणाली, “अन् पान्याचं काय करता?”

तेच आता तुला सांगतो. पुढच्या अधिवेशनात या कायद्यात दुरुस्ती मागणारा प्रस्ताव मी माझ्या नावानं देतोय. पक्षाला आवडणार नाही. तिकीट जाईल, बहुतेक. प्रस्ताव मताला आला, तर गलक्यात भागवू नका, मोजून मत घ्या, नावं लिहा, अशी मागणी उभं राहून करीन. अध्यक्ष मानतील की नाही, ठाऊक नाही. पुन्हा भिणारच नाही, असंही छातीठोक सांगत नाही. माझी छाती केवढी आहे ते तू आता जाणतेस. पण एक शब्द देतो. यापुढं आपल्या लोकांच्या कुठल्याही प्रश्नावर मी जे मत देईन, होय असो, नाही असो, भित्रं असो, ते बाहेर कुणालाही संदेश पाठवायच्या आधी पंचफुलाबाईंना फोन करून सांगीन.

तिला ते आजच बोललो. ती म्हणाली, “उचलीन का नाही, ते माह्या मनावर.”

नाही उचलला, तर पुन्हा लावीन. दर वेळी लावीन.

तुझाच लहान भाऊ,
गजू