थंडीतून ऊब काढणारी पेटी

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालतो (धरून चालतो म्हणजे खात्री नाही. मागच्या पत्रात तू गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, आणि दुखणारा माणूस दुखण्याबद्दल गप्प बसला की समजावं, डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय). बाबा कसे आहेत? रात्री कानटोपी घालतात का? तुझ्याकडे रमलेत असं तू लिहितेस, पण ते स्वतः दोन ओळी खरडत नाहीत, म्हणून विचारलं.

तुमच्या इमारतीतही बॉयलर काढून हीट पंप बसवायचं घाटतंय आणि आमचा अनुभव काय, असं तू विचारलंस. अक्का, सही करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

आमच्याकडे हे प्रकरण सुरू झालं तेच मुळी संशयास्पद. जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि शेवटी कुठलाच दिला नाही. त्याच इमारतीच्या सभेत सेक्रेटरी उभे राहिले, म्हणाले, तळघरातला बॉयलर आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय, त्याऐवजी विजेवरचा पंप घेऊ, तो हिवाळ्यात घरं गरम करील आणि उन्हाळ्यात गार. आणि सगळ्यांनी हात वर केले! एकही माणूस भांडला नाही! मी जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. न मागता जो तिकीट पुढे करतो, त्याचं मी दोनदा बघायचो. त्यातून गरमही करणार आणि गारही करणार म्हणजे काय? सासूपाशी एक आणि सुनेपाशी एक बोलणारा माणूस आपण घरात घेत नाही, मग यंत्र का घ्यावं? मी हात खालीच ठेवला. शेजारी बघतो तर तुझ्या भावजयीचा वर. (घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली खांदा आखडला होता, तो मोकळा करत होते. मला पटलं नाही.)

मग पंप बसवणारी मेकॅनिकबाई आली. उंच, खणखणीत आवाजाची, तोंडात सतत लवंग. मी विचारलं, यात जाळणार काय? म्हणाली, काहीच नाही. मग ऊब कुठून येणार? तर म्हणे बाहेरच्या हवेतून. मी खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर नळ गोठले होते.

“थंड हवेतही ऊब असतेच, काका,” ती म्हणाली. “हा फक्त ती गोळा करून आत आणतो.”

म्हणजे चिक्कू माणसाकडून वर्गणी काढावी तशी ही थंडीकडून ऊब काढणार! माझा चेहरा बघून तिनं विचारलं, फ्रिजच्या मागे कधी हात लावलाय का? लावला. गरम होता. आतली ऊब काढून तो मागे टाकतो, म्हणून आत गार राहतं, आणि आपला पंप तेच काम उलट्या बाजूनं करतो, असं तिचं म्हणणं. आता मला सांग, लग्नापासून हा फ्रिज आमच्या स्वयंपाकघरात पांढराशुभ्र चेहरा करून उभा आहे आणि पाठीमागे हे धंदे! त्या दिवसापासून मी त्याच्याकडेही वेगळ्या नजरेनं बघतो.

बॉयलरचे तुकडे करून तळघरातून वर नेले, आणि मागच्या अंगणात, बरोबर आमच्या खिडकीखाली, एक कपाटाएवढी पेटी बसली. पुढे पंखा, आत घुंघुं. खोल्या तापवायला भिंतींवर बसवलेले रेडिएटर मात्र हात लावला तर कोमट. पूर्वी रेडिएटरला हात भाजायचा आणि खोलीत दात वाजायचे, त्यात एक प्रामाणिकपणा होता. आता रेडिएटर कोमट आणि खोली उबदार. मग ऊब येते कुठून? मी सोफ्याखाली वाकून बघितलं. (तुझी भावजय म्हणाली, ऊब सापडली तर सोबत माझा चष्माही काढा.)

मागच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सकाळी खिडकीतून खाली बघतो तर पेटीच्या अंगावर पांढरंफेक बर्फ, पंखा बंद. मला वाटलं, गेली. तेवढ्यात तिच्यातून भसाभस धूर निघायला लागला. अक्का, मी तिकीट तपासनीस, पण त्या क्षणी अग्निशमन दलाचा झालो. हातात आलं ते पातेलं आणि डाव घेऊन जिनाभर ‘आग, आग’ ओरडत सुटलो. सेक्रेटरी एका पायात बूट घालून आले, पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अर्धी दाढी करून आले, वरची बाळंतीण तान्हं पोटाशी धरून आली. आम्ही सगळे अंगणात पोचलो तर धूर नाही, बर्फ नाही, पंखा गरागरा फिरतोय. फोनवर मेकॅनिकबाई मोठमोठ्यानं हसली. अंगावर बर्फ साचलं की पेटी स्वतःच ते वितळवते, धूर नव्हता, वाफ होती म्हणे. (हे आधी कुणी सांगितलं होतं का? सेक्रेटरी म्हणाले, सभेत सांगितलं होतं. त्या वेळी मी बहुधा हात मोजत असेन.)

यावर मी विचार केला, आणि तू माझ्या जागी असतीस तर हाच केला असतास. बर्फ साचून मग ते वितळवत बसण्यापेक्षा साचूच का द्यावं? आम्हाला ऊब देता देता बिचारी स्वतः काकडतेय. मी आमची पोपटांची जाड रजई नेली आणि पेटीला चहूबाजूंनी घट्ट गुंडाळून दोरीनं बांधली.

दुपारपर्यंत अख्खी इमारत गारठली. मेकॅनिकबाई धावत आली, तिनं रजई सोडवली. कोणाची, हे कुणी विचारलं नाही. दर रविवारी ते पोपट आमच्या गॅलरीत वाळत असतात. ओरडलंही कुणी नाही, ते परवडलं असतं. बाळंतीण फक्त दारात उभी होती, बाळाला दोन शालींत गुंडाळून, आणि बाळाचं नाक लाल झालं होतं. मला तोंड वर करवेना.

जिन्यात तुझी भावजय म्हणाली, “तुमचा विश्वास नाही बसत, नको बसू दे. पण तिला श्वास तर घेऊ द्याल?”

संध्याकाळी सभा झाली. मला वाटलं, पेटीच्या आसपास फिरकायची बंदी होणार. तर सेक्रेटरींनी पेटीची जबाबदारी माझ्यावरच टाकली: पुढची पानं झाडायची, बर्फ सारायचं, कुणी काही ठेवत नाही ना ते बघायचं. पुन्हा सगळ्यांचे हात वर. (यात काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही.) आता रोज दोनदा खाली जातो. डॉक्टरांची सायकल पेटीला अगदी चिकटून उभी असते. मी हटवतो, ती परत येते. त्यांच्यावर माझी नजर आहे.

बाबांची ती कोपऱ्यातली खोली तपासायला परवा गेलो. बॉयलरच्या काळात तिथे ऊब कधी पोचलीच नाही, म्हणून तर ते तुझ्याकडे आले. बाईनं तिथे नवा मोठा रेडिएटर लावलाय. मी खुर्चीत बसलो, कुठे गार वारा लागतो का बघत. थोड्या वेळानं स्वेटर काढला. मग डोळा लागला. उठलो तेव्हा कॉटवर हात ठेवून बघितला. चादरसुद्धा गार नव्हती.

तेव्हा सर्व बाजूंनी विचार करून पाऊल टाक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मेकॅनिकबाईला तुझा पत्ता दिला आहे. ती आली की दारात उभं करून फाटे फोडत बसू नकोस. कामाची बाई आहे.

ता. क. (दुसरा) बाबांना या हिवाळ्यात इकडे पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. (तिसरा) त्यांना पंपाबद्दल काही बोलू नकोस. थंडीतून ऊब काढतात म्हटलं की ते प्रवासच रद्द करतील, म्हातारा भारी संशयी आहे. ‘खोली गरम झालीये’ एवढंच सांग. आणि त्यांनी विचारलं, कशी काय, तर सांग की धाकट्यानं बोलावलंय. यावर त्यांचा विश्वास बसला तर बघ.