बाजारात न आलेल्या खेळातले अण्णा

अण्णा, तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं झाली आणि आज एका कंपनीवर चिडून तुम्हाला लिहायला बसले आहे. सकाळी मोबाइलवर वाचलं, परदेशातल्या कुठल्याशा प्रकाशकानं आणखी एक व्हिडिओ गेम बाजारात यायच्या आधीच रद्द केला. चार ओळींची बातमी. तो बनवणाऱ्यांचं कुणाचं काय आत अडकलं, ते त्यात कशाला येईल?

आमचाही असाच गेला, ते तुम्हाला कळलंच नाही. ओसाड गावातून खेळणाऱ्याला नदीपर्यंत नेणारा एक म्हातारा होता त्यात. त्याला चालवायचं काम माझं, आणि तो काही केल्या म्हाताऱ्यासारखा चालेना. म्हणून एका रविवारी जयनगरच्या आपल्या घरासमोर मी तुम्हाला मोबाइलसमोर चालायला लावलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून, परेडला निघाल्यासारखे चाललात. "अण्णा, स्वल्प नेहमीसारखं चाला की," मी म्हटलं, तर "सरी, सरी," म्हणजे बरं बरं म्हणत आणखी ताठ झालात. शेवटी तुम्ही भाजीला निघालात तेव्हा मी मागून गुपचूप चित्रण केलं. उजवा पाय जरासा फरफटत, डावा हात पाठीवर, आणि कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून मध्येच थबकणं. तीच चाल म्हाताऱ्याला देऊन दाखवल्यावर स्वयंपाकघरात आईसमोर मला झापलंत. "कोण हा म्हातारा? मी असा चालतो? काढून टाक ते!" मग एकदा पोहे खाता खाता हळूच विचारलंत, "काय ग, तुमच्या खेळात मी पोचलो काय नदीला?" पुढे तर गल्लीभर सांगत सुटलात, माझा गेम येतोय म्हणून.

तुम्ही गेलात तेव्हा खेळ अर्धाच झाला होता. तेराव्यानंतर कामावर गेले आणि मारतहळ्ळीच्या त्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकटीनं तो उघडला. तुम्ही चालताय. पाय फरफटतोय, मध्येच थबकताय, मी मागून येतेय. मग रोजच उघडायला लागले. इतरांचे वडील भिंतीवर फोटोत जातात, माझे चालत होते. थोडा माजच होता मला त्याचा.

एका सकाळी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. पडद्यावरून प्रकाशकांचा माणूस हसतमुखानं म्हणाला, कंपनीनं दिशा बदलली आहे, पण तुमची मेहनत वाया गेलेली नाही. वाया नाही तर काय लोणचं घालणार होते तिचं? पैसा त्यांचा, म्हणून खेळ त्यांचा, म्हणून तुमची चालही त्यांची. खेळासोबत आमच्या नोकऱ्याही गेल्या; जागेवर परत आले तर कॉम्प्युटर उघडेना. मूळ चित्रण मी ऑफिसात चढवून मोबाइलवरून कधीच पुसून टाकलं होतं. साहेबांना म्हटलं, एवढा एक तुकडा द्या, माझे वडील आहेत त्यात. ते बिचारे मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, मेरे हाथ में कुछ नहीं है." ज्यांच्या हातात होतं त्यांना तुम्ही कोण हे ठाऊकही नव्हतं. त्यांनी तुम्हाला डब्यात घालून झाकण लावलं. विकायचंही नाही, द्यायचंही नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

हे कुठं धाडायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. आल्यागेल्याचं चहापाणी मीच बघत होते, धीराची मुलगी म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. त्या सकाळी मात्र ऑफिसच्या बाथरूममध्ये हंबरडा फोडला. झाडलोट करणारी अक्का धावत आली. "अळबेडी मॅडम, बेरे केलसा सिगत्ते," म्हणाली. रडू नका, दुसरं काम मिळेल. मी मान डोलावली. आईसकट सगळे अजून हेच समजतात, की मी नोकरीसाठी रडले.