न घासता मारलेला रंग

रविवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप आज घरीच रंगवायला काढले. काळ्या रंगाचे पोपडे नखानंही निघत होते. मी वैतागून म्हणालो, "बाबा, पॉलिश पेपर न मारताच रंग दिलात तुम्ही. असा टिकतो का?"

मग डाव्या बाजूचा मोठा पोपडा सुटला. खाली निळी अक्षरं. जय भीम. बाबांचंच वळण, भीची वेलांटी तशीच लांब. माझा हात थांबला.

"बदलीच्या गावी खोली मिळेना," बाबा म्हणाले. "मालक आधी गाडी बघायचे, मग म्हणायचे, खोली गेली. म्हणून काळा मारला."

"पण घासून का नाही मारलात?"

"घासलं असतं तर अक्षरं गेली असती."

एवढं बोलून चहा प्यायला आत गेले. नाशिकला परत येऊन इतकी वर्षं झाली, आणि मी त्यांना रंगातलं काही कळत नाही म्हणून हसत आलो. कधीतरी हा काळा काढता येईल, एवढं पुढचं त्यांना तेव्हा कसं सुचलं असेल? घर मिळायची खात्री नसताना?

पॉलिश पेपर कपाटात ठेवून दिला. उरलेला काळा मी नखानंच काढणार आहे.