पाठीवरचा शब्द

३ मार्च

लिही, सूनबाई. सासू सांगते आणि सून मुकाट लिहिते – पण एवढं ऐकणं फक्त वहीपुरतं! हेही लिही. तोंड वाकडं करू नकोस.

मुलाला गोदामात काम लागून महिना झाला. पोती वाहायची. सदऱ्याला निळसर लव चिकटवून घरी येतो. मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले. आधी झटकायचं, मग भिजवायचं. नाहीतर धुळीचा चिखल होतो आणि धाग्यात शिरतो. आजही गॅलरीत उभी राहून सदरा फाडफाड झटकला. पायाशी नात रांगत होती, दहा महिन्यांची. तिला सगळे बटण म्हणतात, कारण दिसलं बटण की घाल तोंडात! निळी लव उन्हात तरंगायला लागली तशी पकडायला झेपावली. हसून हसून बेजार.

५ मार्च

सदऱ्याच्या पाठीवर काळा डाग. इंग्रजी अक्षरं. "पोत्यावरची छपाई उठली असेल, आई. घामानं," मुलगा म्हणाला.

लिंबू, सोडा, रॉकेल – सगळं झालं. हलत नाही! अक्षर मला एकही येत नाही, पण डाग सगळे येतात. हा कशाचा ते कळल्याशिवाय निघायचा नाही.

"पोत्यात असतं काय रे?"

"मुकादम म्हणतो, माल असतो."

"मालाला नाव नसतं?"

"तूच येऊन विचार त्याला. तो तरी घाबरेल कुणाला!"

६ मार्च

मुलाला खोकला. म्हणतो, धुळीचा.

८ मार्च

सदरा घेऊन खाली मास्तरांकडे गेले. निवृत्त झालेत, इंग्रजी शिकवायचे. एक झटका देऊन त्यांच्या टेबलावर पसरला. मास्तर आधी शिंकले, मग हसले.

"आजी, शब्द उलटा आहे!"

"मग करा सुलटा. मास्तर कशाला झालात?"

आरशासमोर धरून वाचला – क्रोसिडोलाइट. शब्दकोश उघडला. त्यात नाही. छापणाऱ्यानं घोळ घातला असेल, म्हणाले. वाचनालयात मोठा ग्रंथ आहे, त्यात बघतो.

११ मार्च

मास्तर जिन्यातूनच ओरडले, "सापडला, आजी! दगड आहे. निळा, धाग्याधाग्याचा दगड!"

दगडाचे धागे! सूनबाई म्हणाली, "मग लुगडं विणून घ्या, आई, कधी फाटायचं नाही." मुलगा म्हणाला, दगड वाहतोय म्हणून पाठ धरते होय! जीव भांड्यात पडला. पोरगं काही भलतंसलतं तर वाहत नाही. दगडच ना.

दोन सदरे साठले होते. झटकून धुतले.

१२ मार्च

मास्तर आज वर आले. बसले नाहीत. पाणीही नको म्हणाले. हातात ग्रंथातून उतरवून आणलेला कागद. काल एक ओळ वाचून आनंदानं पळत आले होते. "पुढे अर्धं पान होतं, आजी. मी वाचलंच नाही."

ॲस्बेस्टॉसची जात. त्यातली वाईट. धागा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक होतो. श्वासाबरोबर फुफ्फुसात जातो. रुतून बसतो. बाहेर येत नाही. माणूस मरतो.

"तो सदरा धुता कुठे?"

"मोरीत."

"त्याआधी झटकता?"

मी गॅलरीकडे बोट दाखवलं. बटण तिथेच बसली होती.

पेन का थांबलं, सूनबाई? लिही. मीच झटकले. रोज झटकले.

१३ मार्च

मुलगा कामावर गेला नाही. सुनेनं ओल्या फडक्यानं गॅलरी पुसली. तीनदा. मला हात लावू दिला नाही.

सांगते तेवढं लिहिते. बोलत नाही.

१६ मार्च

सगळे दवाखान्यात जाऊन आलो. आत्ता फोटो काढून काही दिसायचं नाही, डॉक्टर म्हणाले. दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. कदाचित काही होणारही नाही. "तुम्ही काळजी करू नका, आजी. तुम्हाला कुठं तेवढं थांबायचंय!" चांगला माणूस आहे. मी हसले.

बटण तेव्हा तिशीची असेल.

रडते आहे का ती? आण इकडे, माझ्याकडे दे – नको. राहू दे. तुझ्याकडेच असू दे.