सोनखताची वाटणी

मी, गोरक्ष सावळीराम विधाते, वय अडुसष्ट, जहाजांवरचा निवृत्त फिटर, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळी पोट नीट साफ झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. वाटण्या हे निमित्त. घरात खरा वाद माझ्या राखेचा आहे, तो शेवटच्या कलमात मिटवायचा आहे.

१. राहते घर, मखमलाबादचा मळा आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी सौ. मैना हिला. तिने मला आणि माझ्या प्रयोगांना सारखेच सांभाळले.

२. गंगापूर धरणावरची, मी स्वतः बांधलेली शिडाची बोट पुतणी योगिनी हिला. अट एकच : बोटीवरच्या संडासातले काहीही धरणात जाता कामा नये. समुद्रात आम्ही खुशाल सोडत असू, पण हे पाणी नाशिक पिते. आधी मी निळ्या औषधाची संडास-पेटी आणली. भरल्यावर ती ओतायची कुठे, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. मग हातपंपाचा संडास आणि खाली साठवण टाकी केली. त्याची झडप तुंबली की काय होते ते इथे लिहीत नाही, कोणी जेवून वाचत असेल. शिवाय धरणावर टाकी उपसून देणार कोण? शेवटी कोरडा संडास केला. पुढे लघवीचा कॅन, मागे बादली, आणि वरून टाकायला कोरडे काहीतरी. लासलगावहून कांद्याच्या टरफलांची पोती फुकट मिळाली म्हणून मी खूश होतो. पहिल्याच वाऱ्यात टरफले उडाली आणि ओल्या शिडाला चिकटून बसली. तेव्हापासून वखारीतला लाकडाचा भुसा वापरतो. योगिनीनेही तोच वापरावा.

सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावला तेव्हा योगिनीने झाकण उघडून विचारले, "काका, वास कसा येत नाही?" म्हणून बोट तिला. बेटा, ओले आणि कोरडे एकत्र आले की वास सुटतो. वेगळे ठेवले की सुटत नाही. भावकीचेही तसेच आहे.

३. बादलीतला माल मी मखमलाबादच्या मळ्यात पिंपांत वर्षभर मुरवतो. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून पिंपांना कुलूप आहे. असल्या खताला जुने लोक सोनखत म्हणत. मी फोनवर "पिंपात सोनखत आहे" म्हणालो, ते फुलशेती करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने, रावजीने, अर्धेच ऐकले. मग रोज गुलाब घेऊन घरी येऊ लागला. एकदा हळूच म्हणाला, "दादा, सोनं हाय तरी किती?" मी कुलूप काढून दाखवले. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. दोन्ही पिंपे रावजीला. खत फुलांनाच घालावे, भाजीपाल्याला नाही. ही फुले देवाला चालतील का, असे तो विचारेल. अजून देवाची तक्रार आलेली नाही.

४. पान्यांचा डबा योगिनीला. रावजीने नेलेला मोठा पाना त्याने परत केला, तर तोही.

५. माझी राख रामकुंडात सोडू नये. देशभरातून लोक त्यासाठी इथे येतात. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण ज्याने धरणात थेंब जाऊ दिला नाही, त्याला शेवटी पाण्यात ओतू नका. सोनखतात मिसळून मळ्यातल्या गुलाबांच्या ओळीत घाला.

हे ऐकून मैना म्हणाली, "तुम्ही खुशाल खतात जा. मी गंगेतच जाणार. मग आपली भेट कुठं?" गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन नीट पाहिले. मळ्याचा उतार गंगेकडेच आहे.

मैना, तू थेट पाण्यातून जाशील, म्हणून आधी पोचशील. थोडी थांब. मी मातीतून झिरपून, स्वच्छ होऊन येतो.

स्थळ : नाशिक
दिनांक : १४ नोव्हेंबर २००४

(सही) गोरक्ष सावळीराम विधाते

वरील सही गोरक्षरावांनी आमच्या डोळ्यांदेखत केली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही, खतसुद्धा नाही.

साक्षीदार :
१. समर्थ गायखे, शेजारी (सही)
२. बायडाबाई खोडे, मळ्याची शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)