प्लॅस्टिकताई कधी नको म्हणत नाही

४ ऑगस्ट, सोमवार
दहापैकी दहा! प्लॅस्टिकताई आज माझ्यावर खूश. ही आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीतली बाळंतीण. कमरेच्या वर काही नाही, मांड्यांच्या खाली काही नाही, आणि पोटात एक बाहुली, जी बिचारी रोज जन्माला येते.

गेल्या परीक्षेत मी नापास झाले ती हात चुकला म्हणून नव्हे. माझा हात चुकत नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा कबूल करतात. तपासण्याआधी परवानगी विचारली नाही म्हणून! "मुकी आहेस का गं?" असं परीक्षक बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ते वाक्य दात घासतानाही घोकते — ताई, मला तुम्हाला आतून तपासायचंय, तपासू का? होस्टेलच्या खोलीतली मैत्रीण, जिला सगळ्या चष्मा म्हणतात, तोंडात ब्रश ठेवूनच ओरडते, "तपास बाई एकदाची!"

संध्याकाळी दादाचा फोन. "या खेपेला काय ते होऊ दे. नाहीतर सरळ घरी. दुकानात बसायला माणूस हवंच आहे मला." बाबा गेल्यापासून घर तोच चालवतो, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचाच.

६ ऑगस्ट, बुधवार
लेबर रूमची ड्यूटी. कोपऱ्यातल्या खाटेवर माझ्याहून जेमतेम मोठी एक बाई, पहिलंच बाळंतपण. दोन्ही हातांनी खाटेचा गज धरलेला. मी ग्लोव्हज चढवले, चादर सारली, वाक्य म्हटलं. अगदी गोड आवाजात.

"नको," ती म्हणाली.

आणि माझा हात तोवर तिच्या मांडीवर पोचलासुद्धा होता!

पुढे काय? डोकं कोरं. आमचं वाक्य तिथंच संपतं ना! प्लॅस्टिकताई कधी नको म्हणत नाही. मी नुसती उभी, हात हवेत.

पलीकडून इनचार्ज सिस्टर — "विचारतेस कशाला? हो बाजूला." त्यांनी भराभर तपासलं, अजून वेळ आहे म्हणाल्या आणि गेल्या. बाई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून होती. मग माझ्याकडे वळली.

"ऐकायचं नव्हतं तर विचारलंस कशाला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरांपेक्षा स्वतःचाच राग आला. त्यांनी निदान विचारायचं नाटक तरी केलं नाही.

७ ऑगस्ट
तिला मुलगी झाली. बघायला गेले नाही. तोंड कुठलं दाखवू?

८ ऑगस्ट, शुक्रवार
मॅडमना गाठलं. "त्या नको म्हणाल्या तर काय करायचं?"

मॅडम चहा पीत होत्या. "तसं गुणांच्या तक्त्यात..." म्हणाल्या आणि थांबल्या. "नाहीच आहे की गं!" कप तसाच राहिला, चहावर साय धरली. मला वाटलं, चिडल्या. आता पडले मी त्यांच्या काळ्या यादीत.

११ ऑगस्ट, सोमवार
प्लॅस्टिकताई कपाटात, आणि टेबलावर मॅडम स्वतः! पोटाला उशी बांधून, अंगावर चादर घेऊन. जी विचारेल तिला एकच उत्तर — "नको."

चष्मा म्हणाली, "मॅडम, प्लीज ना, एकच मिनिट!" दुसरीने धमकी दिली, "सिस्टर रागावतील हं." तिसरी रडायलाच लागली. हसून हसून पुरेवाट झाली, माझी पाळी येईपर्यंत.

मी "बरं" म्हटलं आणि हात मागे घेतला. मग सुचलं ते विचारलं, "का हो ताई?"

"दार उघडं आहे."

एवढंच! दार लावलं. आता? "पाय गार पडलेत." पांघरलं. आता? "तू कोण, ते सांगितलं नाहीस." सांगितलं. आता? "कळ येतेय, थांब." थांबले. हे सगळ्यात अवघड. हात नुसते शिवशिवतात.

"हं. आता चालेल."

चष्म्याने विचारलं, तरीही नकोच म्हणाल्या तर? मॅडम म्हणाल्या, "तर नाही तपासायचं. बाळाचे ठोके बघ, कळा बघ, का तपासायचंय ते समजावून सांग, थोड्या वेळाने पुन्हा विचार. शरीर तिचं आहे, तुझी परीक्षा नव्हे."

१४ ऑगस्ट, गुरुवार
लेबर रूम. तिसऱ्या खेपेची एक बाई. हात पाठीमागे बांधून विचारलं. "थांब गं जरा." थांबले. कळ ओसरली. "हं, कर आता."

इनचार्ज सिस्टर — "संपलं का तुमचं संमेलन?"

बाईच म्हणाली, "घाई तुम्हाला आहे, मला नाही!" मी पडद्याआड तोंड लपवून हसले. आज जेवण गोड लागलं.

२० ऑगस्ट, बुधवार
परीक्षा. तीच प्लॅस्टिकताई, त्याच परीक्षक बाई. मी विचारलं आणि थांबले. आता सवयच झालीये.

"पुढे?"

"उत्तर यायचंय, बाई."

"तिला तोंड नाही."

"मग तिच्या वतीने तुम्ही द्या." — माझी जीभ! बाईंनी पेन खाली ठेवलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नको."

मी दार लावलं, चादर नीट केली, नाव सांगितलं, कारण सांगितलं. प्रत्येक वेळी नको! घंटा झाली. तपासणी झालीच नाही.

निघताना म्हणाल्या, "मुकी राहिली नाहीस." बरं म्हणाल्या की वाईट, देव जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार
नापास. 'तपासणी अपूर्ण.' मॅडम जाऊन भांडून आल्या, पण नियम तो नियम. पुन्हा बसायचं ते सहा महिन्यांनी. खूप रडले, सगळ्यांसमोर.

मॅडम म्हणाल्या, "तोवर नव्या मुलींसाठी टेबलावर तू झोप. समोरची पुढे काय करते, ते बघून मला सांगायचं. फक्त नको म्हणता यायला हवं."

तीच तर पंचाईत! घरात आजवर कुणाला म्हटलंय मी?

२६ ऑगस्ट
दादाचा फोन. "कळलं मला. रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो. येऊ ना?" आणि लगेच सुरू — गादी गुंडाळून ठेव, बादली तिथंच देऊन टाक...

"नको," मी म्हटलं.

मी फोन ठेवला नाही. थांबले.

"का गं?" दादाने विचारलं.